चावी काढल्यावर

दोन बॅटऱ्या एकाच क्षणी मरत नाहीत. एक बसेल, दुसरी तासा-दोन तासांनी तिच्या मागे जाईल. पण दोन्ही मिळून एका दमात गेल्या असं कोणी सांगितलं, तर तो खोटं तरी बोलतो आहे किंवा त्याला वायरिंगमधलं काही कळत नाही. पंधरा वर्षं मी हे गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आलो होतो. माझं तोंड वाईट आहे हे साऱ्या इतवारीला माहीत आहे. हात चांगला आहे म्हणून लोक तोंड सहन करतात.

देवराव इतवारीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, गाडीला लेकीसारखा जपणारा. गाडी मिलिटरीच्या लिलावातली, जुनी, पेट्रोलवर चालणारी. तिचं सगळं वायरिंग मी स्वतः केलं होतं. एक बॅटरी पुढे, इंजिनासाठी. दुसरी मागच्या बाकाखाली, पेशंटकडचा दिवा, पंखा आणि बेल यांच्यासाठी. बेलचं बटण स्ट्रेचरच्या उशाशी होतं. पेशंटनं ते दाबलं की आतल्या पत्र्यावर बसवलेली बेल वाजायची आणि पुढे ड्रायव्हरला ऐकू जायची.

शहात्तर सालच्या मे महिन्यात ही गाडी कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून कौसल्या नावाच्या एका बाईला घेऊन भर दुपारी शहराकडे निघाली. बाळंतपण घरीच झालं होतं, मूल चांगलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. मूल शेजारणीकडे ठेवून तिची आई अंजनाबाई बरोबर निघाली होती. मानकापूरच्या अलीकडे, जिथे सावलीला एक झाड नाही, तिथे गाडी एकदम गेली. इंजिन, दिवा, पंखा, हॉर्न, सगळं एकाच वेळी. अंजनाबाई खाली उतरून कोळशाच्या ट्रकना हात दाखवत रस्त्यावर धावत सुटली. देवराव बॉनेट उघडून आत वाकला. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, काही बिघडलंच नव्हतं अशी. तोवर कौसल्या गेली होती.

दवाखान्याचे चिटणीस दत्तोपंत यांनी मला चिठ्ठी पाठवली. सोमवारी बैठक आहे, त्याआधी गाडी तपासून दोष कुठे होता ते लिहून द्यावं. गाडीत दोष निघाला नाही, तर तो ड्रायव्हरचा हलगर्जीपणा धरला जाईल, असं खाली लिहिलं होतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि देवरावला बोलावणं धाडलं. तो आला, दुकानाच्या पायरीवर बसला, आणि नोकरीबद्दल एक शब्द बोलला नाही.

"रुपराव, गाडी बंद पडली तवा बेल वाजून राहिली होती," तो म्हणाला. "मी मांगं गेलो नाही. म्हटलं, आता चालू होते, आता चालू होते. ते बाई मले बोलावत होती का गा? तेवढंच सांग मले. कागदावर तुले लिहायचं ते लिही."

आठवडाभर तो झोपला नव्हता. घास घशाखाली उतरत नव्हता. आदल्या दिवशी त्याची बायको कांताबाई माझ्या घरी येऊन रडून गेली होती. "भाऊ, हा मानूस असाच भिंतीकडे पाहत बसला तं हातचा जाईन," असं ती म्हणाली होती. मला माणसाची काळजी वाटली की राग येतो. मी देवरावला म्हटलं, "रविवारी दुपारी गाडीजवळ ये. अन् जेवून ये. उपाशी मानसासंग मी काम करत नाही."

रविवारी दवाखाना बंद होता. मागच्या पटांगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती, अकरा दिवस जागची न हलवलेली. ऊन असं होतं की पाना हातात धरवत नव्हता. देवराव माझ्याआधीच येऊन उभा होता, पण गाडीपासून दहा हात लांब. मी मागचं दार उघडलं. स्ट्रेचरचं रेक्झिन कोणीतरी धुऊन पुसून ठेवलं होतं. फरशीच्या कोपऱ्यांत कोराडीची बारीक राख साचली होती. आत पेशंट नसला की अँब्युलन्समध्ये जो औषधाचा वास येतो तो येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास होता. मी दार तसंच उघडं ठेवलं.

मग मी नेहमीसारखा कामाला लागलो. दोन्ही बॅटऱ्यांचं पाणी बघितलं, काचेच्या नळीनं तेजाब तपासलं. दोन्ही ठणठणीत. फ्यूज शाबूत. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधला स्विच उघडून पुसला, त्यात काही नाही. देवरावला म्हटलं, "बस. चालू कर."

"मी त्याच्यात बसत नाही."

"गाडी काय मी एकटा ढकलू का? बस मुकाट्यानं!"

तो बसला, पण पाठ टेकून नाही. तिरका, अर्धा मागे वळून, ड्रायव्हर आणि पेशंट यांच्यामधल्या छोट्या खिडकीवर डोळे ठेवून. इंजिन पहिल्या चावीला चालू झालं. मी मागे पंखा लावला, दिवा लावला, आणि दोघं थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पत्रा तापून कडकड वाजू लागला. अर्धा तास झाला असेल. मी विडी पेटवायला काडी काढली आणि गाडी गेली.

इंजिन थांबलं. दिवा गेला. पंख्याची पाती फिरत फिरत थांबली. आणि त्या शांततेत मागच्या रिकाम्या भागात बेल वाजायला लागली. बारीक, घोगरी, घसा बसलेल्या माणसानं बोलावं तशी. मी मागच्या दारातच उभा होतो. स्ट्रेचर माझ्यासमोर होतं, बटण माझ्यासमोर होतं, आणि बटणाजवळ कोणी नव्हतं.

"ऐकलं का गा?" देवराव पुढून ओरडला. "ऐकलं का?"

माझ्या मानेवर काटा आला, खोटं कशाला बोलू! "चावी बंद कर!" मी ओरडलो. त्यानं बंद केली. बेल तुटल्यासारखी थांबली.

त्या थांबण्यानं माझं डोकं ठिकाणावर आलं. चावीनं थांबते म्हणजे ती विजेची गोष्ट आहे, दुसरी कशाची नाही. दोन बॅटऱ्या एकाच क्षणी मरत नाहीत. मग दोघींमध्ये सामाईक काय? सामाईक एकच गोष्ट होती, आणि मी ती सगळ्यांत शेवटी बघायची ठेवली होती, कारण ती माझी होती. दोन्ही बॅटऱ्यांच्या उलट्या, म्हणजे निगेटिव्ह, तारा मी एकाच बोल्टावर आणून गाडीच्या सांगाड्याला कसल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटमागे एक फळी आहे, तिच्याखाली. ह्या अर्थिंगच्या बोल्टावाटे गाडीभर फिरलेली वीज बॅटरीकडे परत येते. त्याची जोडणी तुटली की दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असूनही गाडी मेली.

मी फळी उचलली. खालच्या अंधारातून काहीतरी लाल माझ्याकडे बघत होतं. मी हात मागे घेतला. मग टॉर्च मारला. बोल्ट होता, पण बोल्ट दिसत नव्हता. त्याच्या जागी शेंदराचा गोळा होता, गुळगुळीत, तेलानं चमकणारा, वर वाळलेलं जास्वंदाचं फूल. शेतातल्या बांधावरच्या मारुतीसारखा तो तिथे बसला होता.

"देवराव," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "हे कोनं केलं?"

"मी." तो अजून तिरकाच बसला होता. "दर शनिवारी करतो. नट उघडतो, कपड्यानं चांगला पुसतो, आतून-बाहेरून तेल-शेंदूर लावतो, मंग पुन्हा कसतो. आंघोळ घातल्यावानी."

"काहून?"

"काहून म्हंजे? तूच तं म्हणला होता ना गा, का साऱ्या गाडीचा जीव ह्या एका बोल्टात हाय म्हणून! इंजिन बी त्याच्यावर, दिवे बी त्याच्यावर. जीव हाय तं त्याले जपाले नको? मी तेव्हापासून एक शनिवार सोडला नाही. त्या हप्त्यात तं दोनदा केलं, गाडीले दूर-दूरचे फेरे होते म्हणून."

मला आठवलं. दीड वर्षापूर्वी वायरिंग संपलं तेव्हा मी ह्याच जागी त्याला बसवून व्याख्यान दिलं होतं. मला व्याख्यान देण्याची खोड आहे. माझ्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडून दिले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, टोपली मीच डोक्यावर नेली होती. तेव्हापासून गाडीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली तरी मी ड्रायव्हरला दहा गोष्टी सुनावतो. आणि त्याच मी, 'गाडीचा जीव इथे आहे' असं छाती फुगवून सांगून, ह्या भाबड्या माणसाला एक देव बसवून दिला होता.

शेंदूर-तेलाचे थरावर थर त्या तारांच्या टोकांत आणि सांगाड्यामध्ये बसले होते. थंड असताना कुठेतरी लोखंडाला लोखंड लागायचं. ऊन आणि इंजिन मिळून तापलं की तेल सुटायचं आणि वाट बंद व्हायची. गाडी थंड झाली की पुन्हा चालू. वीस मिनिटं.

मी चाकूनं खरवडू लागलो. एक थर, दुसरा थर, तिसरा. माझ्या नखांत शेंदूर गेला. त्याला हे सांगायचं? 'तुझ्या भक्तीनं ती बाई मेली' असं? अकरा दिवस न जेवलेल्या माणसाला? आणि सांगायचंच तर अर्धंच का सांगायचं? माझ्या शब्दांशिवाय त्याचा हात त्या बोल्टाला कधी लागलाही नसता. माझ्या तोंडाची मला त्या दिवशी पहिल्यांदा शिसारी आली.

"सापडलं," मी म्हटलं. "नट ढिला राहिला होता. तू उघडतो तो नाही, त्याच्या खालचा. मीच नीट कसला नव्हता."

"माह्या शेंदरानं तं काही..."

"शेंदरानं काय होते! नट ढिला होता म्हणतो ना!"

मी ओरडलो म्हणून त्याला ते खरं वाटलं. मग मला बेलची आठवण झाली आणि माझं मन एकदम हलकं झालं, कारण ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते खरं होतं. बेलच्या परतीची तार मी मुद्दाम सांगाड्याला न लावता सरळ मागच्या बॅटरीवर नेली होती. सगळी गाडी मेली तरी पेशंटची हाक मरू नये म्हणून. आता अर्थिंगची जोडणी तुटली की पुढच्या बॅटरीची वीज सांगाड्यात अडकते, परतीची वाट शोधते, आणि तिला बेलच्या बुडातून त्या एकाच तारेची वाट मिळते. तेवढ्या उसन्या विजेवर बेल किरकिरते.

"तुले कोनी बोलावलं नाही, देवराव!" मी बोल्टाच्या तारा सोडवून हातात धरल्या. "हे पाय. अर्थिंग तुटलं. लाव चावी." त्यानं लावली, बेल किरकिरली. "काढ." काढली, थांबली. "पुन्हा लाव." पुन्हा किरकिर. मी तारा परत बोल्टावर अडकवल्या, ती थांबली. "पायलं? कोनी बटन दाबलं का? वीज होती ते, नुसती वीज!"

मला वाटलं तो रडेल, हसेल, माझ्या पाया तरी पडेल. तो चावीकडे बघत बसला.

"ही बारीक वाजते," तो म्हणाला. "ही पहिले वाजली, बरोबर. मंग मी चावी काढली, खिशात टाकली, अन् खाली उतरून बॉनेट उघडलं. तवा दुसरी वाजली. खणखणीत. लय वेळ वाजली, रुपराव. मंग थांबून थांबून वाजली. मंग नाही वाजली."

पटांगणात कोणी नव्हतं. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. चावी काढल्यावर ही बेल वाजायची एकच रीत होती, आणि ती मीच ठेवली होती. मी स्ट्रेचरच्या उशाशी बघितलं. रेक्झिन धुतलं होतं, फरशी धुतली होती. बटणाभोवतीचा पांढरा रंग धुवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे बोटांचे तपकिरी डाग होते. एकावर एक, खूप.

"ते बी तशीच वाजते," मी म्हटलं.

"चावी काढल्यावर?"

"चावी काढल्यावर बी. तारा तापल्या का वाजते."

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "दाखव."

आयुष्यात मी विजेबद्दल खोटं बोललो नव्हतो. माणसांबद्दल बोललो असेन, विजेबद्दल नाही. पण तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याचा जीव त्या एका 'दाखव'वर टांगलेला होता. मी म्हटलं, "तू इथंच बस. मी मागून तारा जुळवतो. सांगतो तवा चावी काढ." आणि मी मागे जाऊन दार ओढून घेतलं.

आत भट्टी होती. मी स्ट्रेचरच्या कडेवर टेकलो. त्याच्यावर बसायची हिंमत झाली नाही. बटणाची पट्टी उघडली, बटणाच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि बटण बाजूला ठेवलं. बेत साधा होता. त्यानं चावी काढली की मी ही दोन टोकं एकमेकांना लावणार, बेल खणखणीत वाजणार, आणि तो घरी जाऊन जेवणार. एक टोक डाव्या हातात, एक उजव्या. हात घामानं निसरडे झाले होते. शेंदूर घामात मिसळून माझी बोटंही त्या डागांसारखी दिसत होती.

"काढ!" मी म्हटलं.

पुढून चावीचा आवाज आला. "काढली. हातात हाय."

आणि मला जमेना. माझे हात पुढे येईनात. ती इथेच झोपली होती, इथेच हात वर करून तिनं तिची शेवटची ताकद ह्या एका तारेत घातली होती, आणि मी त्याच तारेनं सांगायला निघालो होतो की तिनं हाक मारलीच नाही. मी मनात म्हटलं, बाई, माफ कर.

बेल वाजली.

खणखणीत. अख्ख्या गाडीभर, पत्रा थरथरेल अशी. मी माझ्या हातांकडे बघितलं. डाव्या हातात एक टोक होतं, उजव्या हातात एक टोक, मध्ये वीतभर अंतर. बटण बाकावर पालथं पडलं होतं, त्याला तारच नव्हती. बेल वाजत होती. मोजली नाही मी किती वेळ. मग थांबली.

पुढे देवराव हुंदके देत होता. "वाजली! चावी माह्या हातात हाय, अन् वाजली! रुपराव, वाजली ना गा!"

"म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो.

मी पुन्हा बटण बसवायला किती वेळ घेतला कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा तो पायरीवर बसून पाणी पीत होता. मला म्हणाला, "भूक लागली गा." मी त्याला इतवारीतल्या खानावळीत नेलं. त्यानं चार पोळ्या खाल्ल्या, पाचवी मागितली. मी समोर बसून बघत होतो. मला एक घास गेला नाही.

संध्याकाळी परत येऊन मी दोन्ही बॅटऱ्यांची अर्थिंग नव्यानं केली, गाडीच्या पोटात, जिथे देवरावचा हात पोचणार नाही. जुना बोल्ट काढला नाही. त्याच्यावर दोन फुकटच्या तारा कसून ठेवल्या, कशालाच न जोडलेल्या. दर शनिवारी तो अजून त्याला आंघोळ घालतो. घालू दे. आता त्या बोल्टात काहीच नाही.

सोमवारी मी दत्तोपंतांपुढे कागद ठेवला. 'अर्थिंगचा नट माझ्या हातून ढिला राहिला. दोष माझा. ड्रायव्हरचा काही दोष नाही.' त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचला. "मेश्राम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. अंजनाबाई बाहेरच्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला कोणीतरी माझं नाव सांगितलं. ती बघत राहिली, आणि मी मान खाली घालून तिच्यापुढून गेलो. दवाखान्याचं काम सुटलं, मग इतर दोन-तीन ठिकाणचंही. ते मला योग्यच वाटलं.

मी अजूनही भूत मानत नाही. उसनी वीज, ओलावा, तापलेला पत्रा, ह्यांतून त्या बेलचा उलगडा करायला मी कितीतरी कागद खरडले आणि फाडले. देवराव झोपतो, जेवतो, गाडी चालवतो. जिच्या हाकेला कोणी गेलं नाही तिनं त्याला सोडलं, एवढं मी मान्य केलं आहे. मला सोडलं का, ते तिनं सांगितलेलं नाही. म्हणून त्या पटांगणावरून जाताना मी सायकलवरून उतरतो, शेडजवळ उभा राहतो आणि थोडा वेळ ऐकतो.